पाळकाची बहीण

वाइमाता, सावाई बेट
४ सप्टेंबर १९८३

आदरणीय सिएनी आत्या,

देवाच्या कृपेने इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, तिकडे ऑकलंडला तुम्हीही ठीक असाल अशी आशा करते. बाबांनी मला पत्र लिहायला शिकवलं तेव्हा पहिलं हेच वाक्य गिरवून घेतलं होतं. त्याच्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

मी पेनिना, तुमच्या भावाची मुलगी. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्याच्या आधी तुम्ही आमच्याकडे येत असा, दारात बसून माझ्या डोक्यातल्या उवा काढत असा आणि प्रत्येक उवेला गावातल्या एकेका मोठ्या माणसाचं नाव ठेवत असा, असं मला आठवतं. की ते दुसरं कुणी होतं? चुकत असेन तर माफ करा. तुमचा पत्ता मला लेपेकाआजीकडून मिळाला. ही आमच्या गावातली म्हातारी. तिची नात तुमच्याबरोबर त्याच धुलाईखान्यात कामाला आहे म्हणे.

इकडची बातमी म्हणजे नवं चर्च पुरं होत आलं. छप्पर निळं आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उघडणार, साऱ्या जिल्ह्यातून मंडळी येणार, डुकरं आत्तापासून राखून ठेवली आहेत. प्रवचन अर्थात बाबा करतील. बाबा बरे आहेत.

एवढंच सांगायला मी इतक्या वर्षांनी पत्र लिहीत नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. माझं एक मागणं आहे. त्या रविवारच्या आधी तुम्ही बाबांशी बोलावं. काय बोलावं ते मला आज लिहवत नाही. आज दुसरंच लिहिते, ते वाचून तरी हे पत्र फेकू नका.

दुपारची मुलांची शाळा हल्ली बाबांच्या ऐवजी मी घेते. परवा एका मुलीने विचारलं, पाळकांना आपण ‘फेआंगाइंगा’ का म्हणतो? मी बाबांनी शिकवलेलं उत्तर दिलं की फेआंगाइंगा म्हणजे करार. गाव पाळकाला बोलावतं, तो गावासाठी प्रार्थना करतो, गाव त्याला सांभाळतं. लेपेकाआजी खांबाला टेकून चटई विणत होती. ती खो खो हसायलाच लागली.

“अगं, पाळकाची पोर ना तू? आणि एवढंच शिकवलं तुला? करार म्हणे! तुझा बाप काय दुकानदार आहे?”

“मग काय ते तुम्हीच सांगा, आजी.”

“शब्द काय म्हणतो ते ऐक आधी. समोरासमोर बसणं म्हणतो तो. दोघं, एकमेकांच्या समोर. आणि सगळ्यात आधी असं समोरासमोर कोण बसलं? बहीण आणि भाऊ. गोरे पाद्री जहाजातून उतरले त्याच्या कितीतरी आधी. भाऊ जमीन राखतो, मासे आणतो, सभेत भांडतो. बहीण यातलं काही करत नाही. ती समोर बसते. तिचा आशीर्वाद असला की भावाचं घर उभं राहतं, तिने शाप दिला की वंश बुडतो. म्हणून पहिला घास तिचा आणि शेवटचा शब्दही तिचाच. बहीण ती फेआंगाइंगा.”

“मग पाळक कुठून आले?”

“पाद्र्यांनी आपलीच पोरं शिकवून गावोगाव धाडली. आता याला बसवायचं कुठे? प्रमुख म्हणावं तर याला इथे जमीन नाही. चाकर म्हणावं तर हा आपल्यासाठी देवाशी बोलतो. तेव्हा म्हाताऱ्यांनी डोकं चालवलं. म्हणाले, बहिणीच्या जागी बसवा. आहे काय अन् नाही काय! म्हणजे तुझा बाप ही आमच्या अख्ख्या गावाची बहीण. दाढीवाली!”

पोरं लोळायची बाकी राहिली. एकाने विचारलं की मग पाळक गावाला शापही देऊ शकतात का. आजीने त्याला विणायच्या पातीने फटका दिला.

बाबांनी मला घरीच सगळं शिकवलं, पण हे कधी सांगितलं नव्हतं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मी त्यांना विचारलं, आजी म्हणते ते खरं का? ते म्हणाले, “सिएनीला विचार.”

या घरात तुमचं नाव इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं. म्हणून विचारते. तुम्ही बाबांच्या फेआंगाइंगा होतात का? अजून आहात का?

बाबा बरे आहेत. हे मी वर एकदा लिहिलंच आहे. दोनदा लिहिल्यामुळे तुम्हाला शंका येईल, पण खोडाखोड करणं मला बरं वाटत नाही.

आपली आज्ञाधारक,
पेनिना


वाइमाता
९ ऑक्टोबर १९८३

आदरणीय आत्या,

तुमचं उत्तर आलं नाही. ते बरोबरच आहे. तुमच्या जागी मी असते तर पाकीटसुद्धा फोडलं नसतं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. बाबा बरे नाहीत. अंगाने धडधाकट आहेत, सकाळी समुद्रापर्यंत चालत जातात. पण त्यांचं डोकं त्यांना सोडून चाललं आहे. आधी नावं गेली. मग दिवस गेले. हल्ली कधीकधी आईलाच हाक मारतात आणि ती येत नाही म्हणून रागावतात.

प्रवचनं मी लिहून देते. मोठ्या अक्षरांत. बायबल धरायच्या निमित्ताने व्यासपीठाशेजारी उभी राहते आणि कुठली ओळ वाचायची त्यावर बोट ठेवते. मला याची फार भीती वाटते आत्या. देवाच्या वेदीवर चाललेली ही फसवणूक आहे की सेवा, याचा निवाडा मला करता येत नाही, आणि ज्यांना विचारावं ते बाबाच.

गेल्या महिन्यात सापोलूंच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. सापोलू म्हणजे इथले सभेत बोलणारे प्रमुख, मंडळीतले ज्येष्ठ. बाबांनी बाळाला हातावर घेतलं, पाण्यात बोटं बुडवली आणि म्हणाले, “मातीची माती, राखेची राख.” प्रेतापुढे म्हणायचे शब्द. बाळाची आई पांढरीफटक पडली. मग सापोलूंनी बसल्या जागेवरून एकदम मोठ्या आवाजात स्तोत्र धरलं, आणि सगळ्यांनी ते असं उचललं की जणू तिथे तेच म्हणायचं होतं. गाणं सरेपर्यंत मी बाबांचं बोट योग्य ओळीवर नेलं.

दुपारी नेहमीसारखं प्रत्येक घरातून आमच्यासाठी जेवण आलं. जरा जास्तच आलं. सापोलू जेवताना म्हणाले, “आजची उपासना सुटसुटीत झाली हो.” बस्स. तेवढंच. इथे कुणी काही बोलत नाही. समोर आले की डोळे खाली आणि आवाज गोड. हे सारं गाव आमच्यावर माया करतं, आणि त्या मायेत मला बोलायला एक माणूस नाही. पाळकाच्या मुलीला नाहीतरी मैत्रिणी नसतात. सगळ्याजणी मला आधी वाढतात आणि मग लांब जाऊन आपसांत जेवतात.

शेवटी मीच सापोलूंकडे गेले.

“काका, गाव बाबांना सांगत का नाही?”

“काय सांगायचं?”

“तुम्हाला ठाऊक आहे काय ते.”

ते नारळाचा काथ्या मांडीवर वळत राहिले. “पोरी, बोलणं हा माझा धंदा आहे. लग्नात बोलतो, मयताला बोलतो, दोन गावं कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली तर मध्ये जाऊन बोलतो. पण भावाने बहिणीला म्हणायचं, तू म्हातारी झालीस, ऊठ आता? त्या बोलण्याला माझ्याकडे तोंड नाही.”

“मग जिल्ह्याच्या वडील पाळकांना सांगा.”

“म्हणजे आमच्या बहिणीची तक्रार शेजाऱ्याकडे? गाव त्यापेक्षा त्यांच्या तोंडून दर रविवारी मयताची प्रार्थना ऐकेल.”

“आणि नव्या चर्चच्या दिवशी? सगळा जिल्हा समोर असेल.”

त्यावर त्यांनी काथ्याचा पीळ उलगडून पुन्हा वळायला घेतला. मी म्हटलं, मग मी सांगू का बाबांना? त्यांनी मान हलवली. “लेकराने बापाला खाली उतरवू नये. त्यांनी ऐकलं तरी वाईट, नाही ऐकलं तरी वाईट.” मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, “त्यांना एक बहीण आहे ना?”

म्हणजे गावाला सगळं आठवतं. मलाही आठवतं. आईच्या मयताला तुम्ही चटई घेऊन आला होतात, ती तलम, केसासारख्या विणीची, घरातली सर्वांत जुनी. तुम्ही पाळकघरासमोर उन्हात बसलात, चटई उलगडून डोक्यावर धरलीत, भावाने बाहेर येऊन ती मयताची भेट म्हणून घ्यावी यासाठी. आणि बाबा बाहेर आले नाहीत. तुमचे यजमान घटस्फोटित, तुमचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, म्हणून पाळकाच्या घरात ही चटई येणार नाही, असा त्यांनी निरोप धाडला. मी पडद्याआडून बघत होते. सावली अंगणाच्या त्या टोकाला गेली तेव्हा तुम्ही उठलात आणि चटईची घडी घातलीत. घडी अगदी नीट घातलीत.

मी बाबांचा न्याय करू नये. पण लेपेकाआजीने त्या शब्दाचं मूळ सांगितल्यापासून एकच गोष्ट मनात येते. सगळ्या गावाची बहीण होऊन बसलेला माणूस, आपण कुणाचे तरी भाऊ आहोत, हे त्या दिवशी विसरला. ते विसरणं या आजाराचं नव्हतं.

आता मागणं लिहिते. तुम्ही बाबांना सांगा की व्यासपीठावरून उतर. दुसरं कुणीही हे सांगू शकत नाही.

आणखी एक लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करणं अप्रामाणिकपणाचं होईल. हल्ली ते मला सिएनी म्हणतात. परवा दुपारी मी त्यांची नखं काढत होते. एकाएकी लहान मुलासारखं म्हणाले, “सिएनी, मी दमलोय गं. खरं सांग, उतरू का मी?”

एका शब्दाचं काम होतं आत्या. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्यांनी ऐकलं असतं, गाव सुटलं असतं, मीही सुटले असते. पण तो शब्द तुमचा. मी म्हटलं, “बाबा, मी पेनिना.”

त्यांनी हात मागे ओढून घेतला. म्हणाले, “मग तू इथे काय करतेस? जा, बहिणीला बोलाव माझ्या.”

म्हणून मी बोलावते आहे.

आपली,
पेनिना


मालाएतोआ, उपोलू बेट
११ डिसेंबर १९८३

प्रिय आत्या,

कॅसेटबरोबरच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, ‘तुम्ही तुम्ही पुरे, मी काय सरकारी कचेरी आहे?’ तेव्हा आता तू म्हणते. जीभ अजून अडखळते. पण तुझी ती ओळ वाचून मी हसले आणि हसताना दचकले, कारण त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

तू पत्र लिहिशील असं वाटलं होतं. आवाज पाठवशील असं वाटलं नव्हतं. कॅसेट वाजवायचं यंत्र मी सापोलूंच्या मुलाकडून मागून आणलं. कशासाठी ते त्याने विचारलं नाही, पण त्याच्या बायकोने नवे सेल घालून दिले.

मी आधी एकटीने ऐकलं नाही. ती तुझी आणि बाबांची गोष्ट होती. रविवारी सकाळी, उपासनेच्या घंटेआधी, बाबा पांढरे कपडे घालून तयार झाले तेव्हा त्यांच्यापुढे चटईवर यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग तुझा खोकला, मागे कुठेतरी बस गेल्याचा आवाज. आणि मग, “एलिसारा. मी सिएनी.”

बाबांनी पाय मुडपून घेतले. यंत्रासमोर ताठ बसले आणि मान खाली घातली.

“मी भर उन्हात डोक्यावर चटई धरून बसले होते आणि तू बाहेर आला नाहीस. मी ते विसरलेले नाही. ते राहू दे. आता ऐक. तुझं काम झालं. आज खाली उतर. लोकांनी तुला उतरवायची वाट बघू नकोस. मी सांगते आहे, तुझी बहीण.”

पुढे पुन्हा खरखर. बाबा म्हणाले, “हो, सिएनी.” मग थोड्या वेळाने, “तू उन्हात बसली होतीस? मी बाहेर आलो नाही? चुकलो गं.” आणि यंत्राकडे बघत बसले. ते काही बोलेना. मी बटण बंद केलं आणि त्यांचा हात धरून चर्चमध्ये नेलं, कारण हे सगळं त्यांच्या मनात किती वेळ टिकेल याचा नेम नव्हता.

त्या दिवशी मी प्रवचन लिहिलं नव्हतं. ते व्यासपीठावर चढलेच नाहीत. पायरीपाशी, लोकांच्या पातळीवर उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या बहिणीने मला उतरायला सांगितलं आहे.”

एवढंच. कुणी का म्हणून विचारलं नाही. कुठली बहीण, कधी आली, काहीच नाही. तू मंडळीच्या दृष्टीने अजून बाहेरचीच आहेस, तुझं लग्न अजून तसंच आहे, पण त्या वाक्यावर साऱ्या चर्चने मान खाली घातली. सापोलू उठले. त्यांना वाटेल तेवढं बोलता येतं हे तुला ठाऊक नाही, पण त्या दिवशी त्यांनी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा रडले. लेपेकाआजी बाहेर पडताना माझ्या कानात म्हणाली, “बघितलंस? पाळक दर दहा मैलांवर मिळतो. बहीण एकच असते मेली.”

पाळकपण सुटलं की पाळकघरही सोडायचं, तेव्हा गावाने आम्हाला रीतसर निरोप दिला. इतक्या चटया मांडल्या की अंगण दिसेना. बाबांनी त्यातली प्रत्येक उचलून कपाळाला लावली. नवं चर्च ठरल्या दिवशीच उघडलं, शेजारच्या पाळकांनी प्रार्थना केली. आम्ही तेव्हा इथे होतो.

इथे म्हणजे तुमच्या दोघांच्या गावात. चुलतभावांनी समुद्राच्या बाजूचं लहान घर दिलं आहे. सगळे चांगले वागतात. पहिल्या रविवारी मी सवयीने ताटांची वाट बघत बसले. ताट कुणाचं येणार? आता आपण इथल्या पाळकांकडे ताट न्यायचं. मी अळूच्या पानांत नारळाचं दूध शिजवून घेऊन गेले. त्यांच्या मुलीने दारात ताट घेतलं, छान हसली, आभार मानले. आत ये म्हणाली नाही. मीही इतकी वर्षं कुणाला म्हटलं नव्हतं.

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

बाबा रोज विसरतात. सकाळी उठले की पांढरे कपडे मागतात, आज कुठला उतारा आहे विचारतात, चर्चच्या वाटेला लागतात. मी अडवलं तर ऐकत नाहीत. मग मी यंत्र लावते. तुझा आवाज ऐकला की बसतात, मान खाली घालतात आणि पुन्हा पहिल्यापासून उतरतात. एकदाच उतरायचं असतं तर ते सोसलं असतं. त्यांना रोज गाव सोडावं लागतं. आणि रोज त्यांना नव्याने कळतं की तू उन्हात बसली होतीस. “चुकलो गं, सिएनी,” म्हणतात. मग थांबतात. तू काहीतरी म्हणशील म्हणून थांबतात. फीत शेवटापर्यंत खरखरत जाते, बटण खटकन वर येतं, तरी ते बसून राहतात.

एका सकाळी मला ते बघवेना. मी फीत पुढे सरकवून चटईचं बोलणं वगळलं. नुसतं ‘खाली उतर’ ऐकवलं. ते उतरले. पण दिवसभर विचारत राहिले, ती रागावली आहे, मी काय केलं, तिने सांगितलं नाही. मी त्यांचा अपराध लपवला आणि पश्चात्तापही काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पूर्ण लावते.

मी तुला दोष देत नाही. तू म्हणालीस, ‘विसरलेले नाही, ते राहू दे.’ माफ केलं असं म्हणाली नाहीस. मी ती फीत इतक्यांदा ऐकली आहे की तुझा श्वास कुठे अडतो तेही मला पाठ झालं आहे. ‘ते राहू दे’च्या नंतर तू थांबली आहेस. तिथे एक शब्द येणार होता असं मला वाटतं. की ते माझं मन असं ऐकतं? मला खरंच कळत नाही.

माझं मागणं पुरं झालं आहे. तू सांगितलंस, ते उतरले. दुसरं मागायचा मला हक्क नाही हे ठाऊक असून मागते. तुला क्षमा करवत नसेल तर करू नकोस. नुसतं तोंडदेखलं म्हणून पाठवलंस तर मला ते ऐकवता येणार नाही, मला लगेच कळेल. पण करवत असेल, तर ये. यायला जमत नसेल तर दुसरी कॅसेट पाठव. ती मी पहिलीच्या पाठोपाठ लावीन. रोज लावीन. रोज ते उतरतील, रोज चुकलो म्हणतील आणि रोज तू त्यांना उत्तर देशील.

आज सकाळी बटण वर आलं तेव्हा त्यांनी यंत्राकडून नजर काढून माझ्याकडे वळवली. “सिएनी,” म्हणाले, “बोल ना गं काहीतरी.”

मी पेनिना आहे, असं आज मला सांगवलं नाही. दुसरंही काही बोलले नाही. त्यांच्या समोर बसून राहिले, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

उद्याही गप्प राहीन. परवाचं मला सांगता येत नाही. माझ्या हातून तुझा शब्द चोरला जाण्याआधी तो तू पाठव.

तुझ्या जागी बसलेली,
पेनिना